खालची पायरी कामात आहे

माझ्या ऑफिसातल्या टेबलाला कडी आहे. कडेला तीन बिजागऱ्यांच्या खुणा आहेत आणि खाली पायांच्या जागी कूलरचे दोन लोखंडी स्टँड आहेत. नवीन माणूस समोर येऊन बसला की बोलता बोलता त्याचा हात कडीकडे जातो आणि तो ती उघडझाप करत राहतो. मी त्याला थांबवत नाही. मला एवढंच कळतं, की हा माणूस अजून मुद्द्यावर आलेला नाही.

हे टेबल म्हणजे आमच्या शेठजींच्या आईच्या खोलीचं दार. ते इथं आणलं आमच्या साहेबांनी, आणि त्यापायी साहेबांना इथून जावं लागलं. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीच्या कागदावर सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण साहेबांबद्दल बोलायला लागलं की सगळे हसायला लागतात आणि ही गोष्ट सांगायची राहूनच जाते.

आमची कंपनी कूलर बनवते. रायपूर शहराबाहेर शेड आहे आणि शंकर नगरात एका बंगल्याच्या जुन्या गॅरेजमध्ये ऑफिस. सगळे मिळून आम्ही बावीस जण. माझे वडील रेल्वेतले. वर्ध्याकडून बदलून आले ते इथलेच झाले. मला तक्रारींच्या टेबलावर नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले, "पोट्टी लोकायच्या शिव्या ऐकाले चालली." चुकलं नव्हतं त्यांचं. पण शिव्यांपेक्षा जास्त मला साहेबच ऐकावे लागले.

साहेब आमचे मॅनेजर. शेठजींच्या वडिलांनी त्यांना नोकरीवर ठेवलं होतं, त्यामुळे शेठजी त्यांना घाबरत नसले तरी त्यांच्यासमोर पाय लांब करून बसत नसत. अंगाने किडकिडीत, बारा महिने पूर्ण बाह्यांचा सदरा. रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा मनगटाची बटणं लावलेली. त्यांची एक खोड होती. किरकोळ काम असलं की चष्मा लावायचे आणि मोठा निर्णय घ्यायचा असला की काढून ठेवायचे. "बारीक दिसलं का मोठं दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा व्हायचा, की कंपनीचे सगळे महत्त्वाचे निर्णय ते फायलींच्या कपाटाकडे बघून सांगायचे. आम्ही पण शहाणे. मीटिंग असली की कपाटाच्या बाजूला खुर्च्या मांडून बसायचो, म्हणजे निदान आपल्याशी बोलल्यासारखं वाटायचं.

तरी हे सगळं चालण्यासारखं होतं. बिघडलं ते शेठजींमुळे. शहरातल्या एका हॉटेलात मोठ्या अधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, प्रभावी नेतृत्वासाठी संकल्पनात्मक विचार. बोलावणं शेठजींना होतं. त्यांनी पत्र साहेबांकडे सरकवलं आणि म्हणाले, "आप हो आइए. खाना अच्छा होता है वहाँ."

साहेब तिथून काही न खाता परत आले. बाकीच्या लोकांनी म्हणे वही, पेन आणि पिशवी घरी नेली. साहेब एक चित्र घेऊन आले. चित्रात शिडी होती. शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, की अडचण आली की एक पायरी वर चढून विचार करा, म्हणजे घडलेल्या गोष्टीमागची कल्पना दिसते. शंभर माणसांनी हे ऐकलं आणि मान डोलावली. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चाल, गोल बाजारात जाऊन येऊ. शिडी घ्याची आहे."

गोल बाजारातला दुकानदार साधा माणूस. त्याने विचारलं, "कितने फुट की चाहिए, भैया?"

"फुटाचं मले माहीत नाही," साहेब म्हणाले. "चार विचार बसले पायजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी वर टांगलेल्या कळशांकडे पाहिलं. त्याने आतून एक बांबूची शिडी आणली, तिला पाच पायऱ्या होत्या. "चार डंडे वाली नहीं आती," तो म्हणाला. साहेबांनी चष्मा काढला, शिडीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाचच पायजे."

ती शिडी साहेबांच्या खोलीत भिंतीला टेकवली गेली. वरच्या चार पायऱ्यांवर त्यांनी लाल ऑइलपेंटने स्वतः अक्षरं काढली. खालून वर असं: 'काय', 'कशासारखं', 'काहून', 'नाहीतर'. सगळ्यात खालची पायरी कोरीच राहिली. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "ती कामात आहे." आम्हाला वाटलं, तिच्यासाठी शब्द अजून सापडला नसेल.

नियम साधा होता. अडचण घेऊन आलेल्याने कोरी पायरी ओलांडून 'काय'वर उभं राहायचं आणि काय झालं ते सांगायचं. मग 'कशासारखं'वर जाऊन, हे आणखी कशासारखं आहे ते. मग 'काहून', म्हणजे असं का होतं. आणि सगळ्यात वर, छताच्या पंख्यापासून डोकं सांभाळत, 'नाहीतर'. म्हणजे आपण काहीच केलं नाही तर काय होईल. साहेब खाली उभे राहायचे, शिडीला लागूनच, एक पाय दुमडल्यासारखा करून. वरून त्यांच्या डोक्याचा भोवराच दिसायचा. तिथून ते नुसतं "पुढं" म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात आम्ही अडचणी आणणंच बंद केलं. मी पंजाबी ड्रेसमध्ये कशीबशी चढायचे, पण आमच्या बिसाहिन बाई, म्हणजे चहा आणि झाडलोट करणाऱ्या बाई, लुगड्यात. त्यांना तर साहेब सूटच देतील असं वाटलं होतं. छे! एका दुपारी त्यांच्या हातून चहाचा ट्रे सांडला. साहेब म्हणाले, "बाई, वर या."

बिसाहिन बाईंनी लुगडं खोचलं आणि अर्ध्या मिनिटात 'काय'वर. "चहा गिर गे, साहब."

"पुढं."

'कशासारखं'वर त्या थोड्या थबकल्या. मग म्हणाल्या, परवा रामटेके भाऊंचा पाना गडगडत गेला होता, काल दीदीचं पेन. दीदी म्हणजे मी. सगळं एकाच बाजूला जातं. 'काहून'वर चढून त्यांनी वरून सगळी खोली नजरेखालून घातली आणि म्हणाल्या, "भुइयाँ ओ कोती झुके हे, साहब." फरशीच तिकडे उतरती होती. गॅरेजच ते. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून बांधतानाच उतार दिलेला. आम्ही इतकी वर्षं त्या उतारावर बसून एकमेकांच्या हातावर पाणी सांडत होतो आणि दोष एकमेकांना देत होतो.

"हव!" साहेब ओरडले. आनंद झाला की त्यांच्या तोंडून छत्तीसगढी निघायची. त्या दिवशी सगळी टेबलं फिरवली आणि परत कधी काही सांडलं नाही. पंचाईत अशी झाली, की शिडीचा उपयोग होतो हे सिद्ध झालं. आता तिच्यापासून सुटका नव्हती.

रामटेके भाऊ आमचे मुख्य फिटर. त्यांना मेहुणीच्या लग्नाला भंडाऱ्याला जायचं होतं. चार दिवसांची रजा. अर्ज हातात घेऊन चढले. 'काहून'वर साहेबांनी विचारलं, "तुमाले काहून जाचं आहे?" रामटेके भाऊ पंधरा मिनिटं त्या पायरीवर उभे होते. मग सावकाश खाली आले, अर्ज फाडला आणि कामाला लागले. त्यांना जायचंच नव्हतं, हे त्यांना तिथं वर कळलं होतं. घरी बायकोने महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते डबा उघडायचे आणि त्यात नुसता भात बघून म्हणायचे, "ही 'नाहीतर'वाली पायरी मी चढलोच नव्हतो."

साहेबांच्या घरी मात्र शिडीला प्रवेश नव्हता. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ते लाकूड घरात आलं तर मी अमरावतीले चालली." साहेबांनी त्यावर बराच विचार केला आणि शिडी ऑफिसातच ठेवली.

आणखी एक आठवतं. साहेबांचा उजवा बूट नेहमी मोडायचा. तळव्याच्या बरोबर मध्ये आडवी चीर पडायची, आणि फक्त उजव्याचाच. डावा अगदी नव्यासारखा. गोल बाजारातला मोची वैतागून म्हणायचा, "बाबूजी, एक ही पैर का कैसे टूटता है?" साहेब सांगायचे, "काम में था." ऑफिसात आमचा अंदाज असा होता, की ते लंगडी घालत घरी जातात.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण शिडी येऊन सहा वर्षं झाली त्या उन्हाळ्यात माझा फोन वाजायचा थांबेना. कूलर चिपचिप करतो. खोलीत हवा येते पण अंगाला चिकटते. डब्यातले पापड मऊ पडतात. मीठ ओलं होतं. समता कॉलनीतल्या एका बाईंनी मला ऐकवलं, "मॅडम, हमने कूलर लिया था, तालाब नहीं." लोक मोबाइलवर फोटो टाकून आमच्या नावाने शंख करू लागले. शेठजी ऑफिसात आले आणि उभ्या उभ्याच बोलले. अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तक्रारी थांबल्या नाहीत तर फॅक्टरी बंद. शेड गोदामाला देऊन टाकतो. "मुझे सिरदर्द नहीं चाहिए," एवढं बोलून ते गेले. हातात तीन आठवडे होते. बावीस घरांच्या चुली त्या शेडवर होत्या, त्यातली एक माझी. वडील रिटायर झाले होते.

रामटेके भाऊंनी पंप बदलून पाहिले. पाण्याच्या जाळ्या बदलल्या, पंख्याची पाती बदलली. काही फरक नाही. आणि अशा वेळी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, चष्मा काढला आणि कपाटाला विचारलं, "कूलर म्हणजे काय?"

तीन दिवस हा एकच प्रश्न चालला. खोटं वाटेल, पण तीन दिवस. शेडमध्ये काम बंद, माझा फोन वाजतोय, आणि सगळे जण पाळीपाळीने शिडीवर चढून कूलर म्हणजे काय ते सांगताहेत. यंत्र आहे. पेटी आहे. पंखा अधिक पाणी. उन्हाळ्याची सोय. एका वेल्डरने घाबरून "आई" असं सांगितलं आणि तोही मुद्दा साहेबांनी टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी नवा नियम निघाला, की कूलर हा शब्दच वापरायचा नाही, त्याने विचार अडतो. 'ते' म्हणायचं. मी फोनवर गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आपका वो कब से चिपचिप कर रहा है?" पलीकडून काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. मी मनातून चिडले होते. आपली नोकरी चालली आहे आणि हा माणूस कपाटाशी बोलतोय, असं मला वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता बिसाहिन बाई सहज म्हणाल्या, आमच्याकडे तुमचं जुनं 'ते' आहे, दहा वर्षं झाली, कधी चिपचिप केलं नाही.

"काहून?" साहेबांनी विचारलं. बाई फडकं घेऊनच त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"हमर घर म कपाट नइ हे, साहब." कपाट म्हणजे दार. त्यांच्या घराला दारच नव्हतं. पडदा होता. शेजारच्यांची बकरी मनाला येईल तेव्हा आत यायची आणि बाहेर जायची.

साहेबांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. "येणाऱ्या हवेले जाले वाट नको का?" ते हळूच म्हणाले. "लोक आता एसीची सवय लागल्यासारखे दारं-खिडक्या लावून बसतात. ओली हवा जाईन कुठं? आपण अर्धंच विकून राहिलो, पोरी. बाकी अर्धं गिऱ्हाइकाच्या घरीच आहे. समोरची खिडकी."

त्या क्षणी मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. तीन दिवसांचा सगळा राग उतरला. मी म्हटलं, "मग चिठ्ठी छापू या. खिडकी उघडी ठेवा म्हणून."

"चिठ्ठी वाचते कोण? दाखवा लागते."

आणि साहेब दाखवायला निघाले. रामटेके भाऊंना बरोबर घेऊन समता कॉलनीत घरोघर. आत जायचं, नमस्कार करायचा, कूलरकडे ढुंकूनही बघायचं नाही, थेट समोरची खिडकी उघडायची आणि खुर्चीवर बसून चहाची वाट बघायची. चहा येईपर्यंत खोली कोरडी. तलाववाल्या बाईंनी त्यांना आंब्याचं पन्हं पाजलं. आठवड्याभरात माझा फोन जवळजवळ गप्प झाला. अक्तीला अजून नऊ दिवस होते आणि आपण वाचलो असं सगळ्यांना वाटलं.

एक तक्रार उरली होती. ती शेठजींच्याच घरची. त्यांच्या आईच्या, माँजींच्या खोलीत आमचाच कूलर होता आणि तो चिपचिप करायचा. शेठजी नागपूरला गेले असताना साहेब तिथं पोचले. खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर भिंतभर कपाट बसवलेलं. राहिलं दार. साहेबांनी दार उघडलं. नोकराने येऊन लावलं. पुन्हा उघडलं. सुनेने जाता जाता लावलं. चार वेळा हेच झालं. त्या घरात माँजींचं दार लावायची सवयच पडून गेली होती, का ते कोणालाच सांगता आलं नसतं. साहेबांनी माँजींना विचारलं, हे दार तुम्हाला लागतं का? ऐंशीच्या घरातली ती बाई म्हणाली, "बेटा, मुझे क्यों लगेगा? मैं तो हमेशा अंदर ही रहती हूँ."

साहेबांनी चष्मा काढला. रामटेके भाऊंनी तेव्हाच ओळखलं, असं ते नंतर सांगायचे. चष्मा निघाला आणि पाठोपाठ पेचकस निघाला. अर्ध्या तासात दार बिजागऱ्यांसकट मालाच्या टेम्पोत होतं. तिथं ठेवलं तर परत बसवतील, म्हणून साहेब ते ऑफिसात घेऊन आले आणि शिडीशेजारी उभं केलं.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. "मेरी माँ के कमरे का दरवाजा! मेरे घर से! कोई चोर भी दरवाजा नहीं ले जाता!" साहेबांनी त्यांना अगदी मनापासून सांगितलं, की जरा वर चढा, दोनच पायऱ्या, सगळं दिसेल. शेठजींनी शिडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मला बाहेर बोलावलं.

बाहेर पोर्चमध्ये त्यांनी जे सांगितलं ते स्पष्ट होतं. या माणसाच्या हाती बावीस घरं देणार नाही. एकतर हा जाईल, नाहीतर अक्तीला कुलूप लागेल, तक्रारी थांबल्या तरी. पण माँजी त्याला बेटा म्हणतात. स्टाफची लेखी तक्रार हातात असल्याशिवाय शेठजींना घरात तोंड उघडता येणार नाही. "आप लिखिए कि दिमाग ठीक नहीं है. शाम तक. फिर उनकी कुर्सी आप सँभालिए."

खोटं कशाला बोलू, खुर्चीचं नाव ऐकून मला बरं वाटलं. बावीस घरांचा विचार त्याच्यानंतर आला. मी जागेवर येऊन बसले आणि पानभर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. सही करणार एवढ्यात साहेबांचा आवाज आला, "काय लिहून राहिली? वर चढून सांग."

"साहेब, हे तुमच्याबद्दल आहे."

"म्हणूनच म्हणतो. खालून सांगशील तर भांडण होईन."

नाही म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांची सवय. मी कागद घेऊन 'काय'वर चढले. ते नेहमीसारखे खाली येऊन उभे राहिले.

"तुम्ही शेठजींच्या घरचं दार काढून आणलं. न विचारता."

"माँजीले विचारलं होतं."

"मालकाला नाही विचारलं."

"हे बरोबर आहे. लिही. पुढं."

"हे... रामटेके भाऊंच्या रजेसारखं आहे. कूलरचं नाव बंद केलं त्यासारखं आहे. तुम्ही वर जाता आणि वरच राहता, साहेब. खाली येतच नाही."

भोवरा जागचा हलला नाही. मग, "पुढं."

'काहून'वर मला रडू फुटलं. "काहून की तुम्हाला कल्पना दिसते, माणूस दिसत नाही. शेठजींना काय वाटेल हे दिसलं नाही. आम्हाला काय भोगावं लागेल हे दिसलं नाही." शिडी करकरत होती. साहेब म्हणाले, "पाय नीट ठेव. घाई नाही."

शेवटची पायरी. "नाहीतर?"

"तुम्ही राहिलात तर शेठजी कुलूप लावतील."

"आन् मी गेलो तर?"

मी कागदावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. शेवटी म्हटलं, "चालेल."

"मग येवढा वेळ काय करून राहिली वर? उतर. सही कर."

मी उतरले. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, हिशेबी माणसासारखा, ओळ न् ओळ. एकच वाक्य खोडलं. डोकं ठिकाणावर नसल्याचं होतं ते. "हे कोन्याच पायरीवर बसत नाही," म्हणाले. "बाकी चांगलं आहे. तू चढाले शिकली." मग बाह्यांची बटणं तपासली, डबा उचलला आणि जुन्या गॅरेजच्या उतारावरून बाहेर गेले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला वाटतं मी तो कागद फाडला असता. तसं नुसतं वाटतं, फाडला नाही हे खरं.

फॅक्टरी वाचली. प्रत्येक कूलरवर आता चिठ्ठी चिकटवलेली असते, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणून, आणि साहेब म्हणाले होते तसं ती कोणी वाचत नाही. आमचा फिटर जाऊन दाखवतो. शेठजींनी दार परत नेण्यासाठी माणूस पाठवला, पण माँजींनी बसवू दिलं नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं, की मला दार लागतं का. त्यांच्या खोलीला अजून पडदाच आहे. मग रामटेके भाऊंनी दाराचं टेबल केलं आणि मी त्यावर बसू लागले. म्हणजे त्याच्यामागे.

दोन महिन्यांनी मी साहेबांच्या घरी गेले. काकूंनी पोहे केले. सहीबद्दल ना ते बोलले, ना मी. त्यांनी एवढंच विचारलं, "शिडी कशी आहे?"

"छान चाललीय," मी म्हटलं. शिडी कपाटामागे धूळ खात होती.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर रामटेके भाऊ माझ्या खोलीत आले. पेढे नव्हते, अर्ज नव्हता, नुसते कडीशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "मॅडम, मले काही समजून नाही राहिलं. भिलाईवाले बोलावून राहिले. जाऊ का नको जाऊ?" आधी ते मला ताई म्हणायचे. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "चढा."

त्यांनी स्वतःच शिडी काढली, पुसली, भिंतीला टेकवली. मी टेबलामागे नीट बसले, चष्मा नव्हता म्हणून डोळे मिटले, आणि म्हणाले, "पुढं." ते 'कशासारखं'वर पोचले असतील. मोठा आवाज झाला. डोळे उघडते तर शिडी उतारावरून घसरत बाहेरच्या दारापर्यंत गेलेली आणि रामटेके भाऊ दोन्ही हातांनी माझ्या खोलीच्या पडद्याच्या दांडीला लोंबकळताहेत.

आम्ही त्यांना खाली घेतलं. कोपर खरचटलं होतं. पाणी प्यायल्यावर ते माझ्यावर रागावले नाहीत, उलट नवल केल्यासारखे म्हणाले, "मॅडम, तुम्ही धरली नाही काहून?"

"काय?"

"शिडी. साहेब धरत होते न. खालच्या पायरीवर पाय दाबून उभे राहत होते. उतार आहे नव्हं इथं."

मी त्या कोऱ्या पायरीकडे पाहिलं. बांबूवर एका जागी खळगा पडला होता, गुळगुळीत, बुटाच्या रुंदीएवढा. सहा वर्षं हा माणूस तिथं उभा होता. एकदाही वर चढलेला मला आठवेना, कोणालाच आठवेना. आणि मी वरून त्यांना सांगितलं होतं, की तुम्ही खाली येतच नाही. तेव्हासुद्धा त्यांचा पाय तिथंच होता, मी पडू नये म्हणून. त्या दिवशी दार लावून रडावंसं वाटलं, तर माझ्या खोलीला नुसता पडदा, आणि होतं त्या दाराचं टेबल झालेलं.

मी उठले, शिडी जागेवर आणली, खळग्यात उजवा पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. "चढा, भाऊ," म्हटलं. ते चढले. वर ते काय बोलले ते त्यांचं त्यांच्यापाशी. भिलाईला गेले नाहीत एवढं सांगते.

गेल्या आठवड्यात गोल बाजारात मोच्याकडे गेले होते. त्याने माझी चप्पल उलटी केली, तळव्यावरच्या आडव्या चिरेवर अंगठा फिरवला, मग डावी मागून घेऊन तीही पाहिली.

"दीदी, एक ही पैर की कैसे टूटती है?"

मी म्हटलं, "काम में थी."

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "वो बाबूजी अब नहीं आते?"